आईबाबांचा कोथरूडचा जुना फ्लॅट विकायचाय, दाखवायच्या आधी घरात काय काय करून घेऊ?

जास्वंद:

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच स्वतःचा प्रश्न घेऊन आलेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या बाजूला आईबाबांचा टूबीएचके आहे, १९९३ मध्ये घेतलेला, दुसरा मजला, कार्पेट साधारण ६८० स्क्वेअर फूट. बाबा २०२१ ला गेले. नंतर आई एकटीच राहायची, पण गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून ती माझ्याकडे बाणेरला आली ती इथेच राहिली. भाऊ जर्मनीत असतो. विकायचं तिघांनी मिळून ठरवलंय, खरं तर आईच पहिल्यांदा म्हणाली, बंद घर बघवत नाही गं मला.

गेल्या रविवारी एजंटला घेऊन गेले होते आणि दार उघडल्यावर मलाच कसंतरी झालं. डांबरगोळ्या आणि गटार असा दोन्ही मिळून वास. हॉलमध्ये दोन दिवाण, शोकेस, आईचं शिलाई मशीन, आतल्या खोल्यांत गोदरेजची तीन कपाटं, चालायला वाट म्हणून नाही. माळ्यावर पिंपं, पितळेची भांडी, कुरडयांचा सोऱ्या, आम्हा दोघांची शाळेची दप्तरं, सगळं तसंच. आणि मुख्य म्हणजे आतल्या बेडरूमला बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला ओल आहे, जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे सुटलेत, हात लावला की पांढरी भुकटी पडते.

एजंट म्हणाला मॅडम काही करू नका, रंगाचा एक हात मारून घ्या, ओल आहे तिथे कपाट सरकवा, वनाजचं मेट्रो स्टेशन जवळ आहे, लोकेशनवर जाईल. नवरा म्हणतो किचन ट्रॉल्या, फॉल्स सीलिंग, नवीन बाथरूम सगळंच करून टाकू, पाच लाख घातले तर दहा वाढवून मागता येतील. मला दोन्ही पटत नाहीये. ज्यांनी जुना फ्लॅट विकलाय किंवा घेतलाय त्यांनी सांगा ना, नेमका कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही? आणि सामान आधी काढायचं की गिऱ्हाईक ठरल्यावर?


निनाद_ठाणे:

जास्वंद, एक रुपया खर्च करायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करा आणि विचारा रीडेव्हलपमेंटचं काय चाललंय. ९३ ची बिल्डिंग, लिफ्ट नाही, कोथरूडसारखा एरिया, म्हणजे विषय कधी ना कधी निघालाच असणार. ७९ अ ची, म्हणजे सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या सरकारी नियमांची, प्रक्रिया सुरू झाली असेल, बिल्डरच्या ऑफर आल्या असतील, तर घेणारा माणूस तुमच्या टाइल्स बघायला येतच नाही, तो कार्पेट किती, पार्किंग आहे का, कन्व्हेयन्स (जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर) झालंय का आणि नवीन बिल्डिंगमध्ये किती मिळणार एवढंच विचारतो. आमचा नौपाड्यातला फ्लॅट विकताना मी हाच घोळ घातला, हौसेनं बाथरूम नवीन केलं, पावणेदोन लाख गेले, आणि घेतला शेवटी अशा माणसानं ज्याला बिल्डिंग पडायचीच वाट बघायची होती. त्यानं बाथरूमचा दिवासुद्धा लावून बघितला नाही.

रीडेव्हलपमेंट नजीक नसेल तर मात्र घेणारा तिथे राहायला येणार आहे, मग घर दिसणं महत्त्वाचं. तरी ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंग नकोच. प्रत्येकाची किचनची आवड वेगळी, तुम्ही लावलेलं तो सहा महिन्यांत काढून टाकेल आणि त्याचे पैसे तुम्हाला देणार नाही.


सईची_आई:

मी घेणारी बाजू सांगते कारण माझ्या बाबतीत हेच झालंय आणि अजून आठवलं की जीव जळतो.

२०१९ च्या फेब्रुवारीत चिंचवडला रीसेलचा फ्लॅट घेतला. घर कसं चकाचक, नवा कोरा रंग, बेडरूममध्ये एका भिंतीला मोठं वॉर्डरोब. आम्ही दोघं नोकरीवाले, आयुष्यातलं पहिलं घर, भिंतीमागे काय असेल हे डोक्यातच आलं नाही. जुलैत पाऊस लागला आणि आठ दिवसांत वॉर्डरोबच्या वर तपकिरी डाग आला, मग कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, मग मागची प्लायच फुगली. सई तेव्हा दीड वर्षाची, तिला सारखा खोकला, शेवटी आम्ही सगळे हॉलमध्ये गादी टाकून झोपायचो. कपाट काढलं तेव्हा मागची भिंत इतकी मऊ झाली होती की चमच्यानं प्लास्टर निघत होतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला तर म्हणाले आमच्या वेळी काही नव्हतं. वॉर्डरोबच्या मागे दोन वेगवेगळ्या रंगांचे थर होते हो, म्हणजे त्यांनीही आधी झाकून बघितलं होतं.

म्हणून हात जोडून सांगते, कपाट सरकवायचा सल्ला देणाऱ्या एजंटचं ऐकू नका. दुरुस्त करा, आणि दुरुस्त केलं असलं तरी येणाऱ्याला सांगा की इथे ओल होती, असं असं काम केलं, हे फोटो, हे बिल. मला कुणी असं सांगितलं असतं तर मी ते घर जास्त विश्वासानं घेतलं असतं. आता मी ओळखीतल्या कुणाबरोबर घर बघायला गेले की पहिल्यांदा कपाटांच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारते आणि ताज्या रंगाचा वास आला की जास्तच बारीक बघते.


चुनापुट्टी:

सईच्या आईंनी लिहिलंय ते शंभर टक्के. मी २० वर्षं हीच कामं करतोय, पुण्यात जुन्या बिल्डिंगांची रिपेअरिंग आणि कलर. जास्वंद ताई, तुमच्या वर्णनावरून सांगतो, बघितल्याशिवाय खात्री देत नाही पण कमरेपर्यंतच ओल आणि पलीकडे बाथरूम म्हणजे दोनच गोष्टी, नाहीतर बाथरूमच्या फरशीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भोक) कडेनं पाणी झिरपतंय, नाहीतर भिंतीतली पाइपलाइन गेलीय. त्या काळच्या बिल्डिंगमध्ये जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात, तीस वर्षांत आतून गंजून सच्छिद्र होतात.

कुठलं ते ओळखायची साधी पद्धत. तुमचं घर बंद आहे ना, मग मुख्य कॉक पंधरा दिवस पूर्ण बंद ठेवा. ओल सुकायला लागली तर पाइपचा संशय, कारण पाइपमध्ये पाणी चोवीस तास दाबानं असतं आणि बंद घरातही गळत राहतं. नंतर नहाणी ट्रॅपचं तोंड फडकं आणि प्लास्टिक कोंबून बंद करा, बाथरूममध्ये दोन इंच पाणी तुंबवून चोवीस तास ठेवा, पातळीवर पेन्सिलनं खूण करा. पातळी उतरली किंवा बेडरूमकडून भिंत परत गडद झाली तर फरशीचं काम. खालच्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या छतातून टपकलं तर तेही उत्तरच आहे, पण त्यांना धक्का नको.

काम करताना प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, ओल दिसते त्याच्यापेक्षा फूटभर वरपर्यंत. पाइप असेल तर तेवढा तुकडा नाही, त्या बाथरूमची लाइनच सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपची) करून घ्या. मग भिंत उघडी ठेवून सुकू द्या, वॉटरप्रूफिंगचा कोट, नवीन प्लास्टर, परत तीन चार आठवडे सुकणं, आणि त्याच्यानंतरच पुट्टी. इथेच सगळे घाई करतात. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की महिन्याभरात फुगे येणार, आणि ऑइल पेंट मारला तर आणखी लवकर, कारण पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणजे घर दिवाळीत दाखवायचं असेल तर भिंत गणपतीच्या आधी फोडलेली पाहिजे, असा हिशेब धरा.

बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पाणी येत असेल तर ते सोसायटीचं काम आहे, स्वतःच्या खिशातून करू नका, लेखी अर्ज द्या.

रंग सगळ्या घराला एकच, फिक्का, ऑफव्हाइट. हॉलची एक भिंत भडक करायची फॅशन आहे ती नको. बाथरूमच्या टाइल्स फुटलेल्या नसतील तर बदलू नका, जुनं काळं पडलेलं व्हाइट सिमेंट खरवडून एपॉक्सी ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरून घ्या आणि पाण्याचे पांढरे डाग काढून घ्या, त्याच टाइल्स दहा वर्षांनी तरुण दिसतात. गळके नळ, पिवळे पडलेले स्विच, मोडकी कडी, घासणारं दार, एवढं करा. माणूस आत आल्यावर हातानं ज्याला ज्याला शिवतो ते सगळं धड चाललं पाहिजे.


अंगणवेल:

सामान आधी काढायचं, गिऱ्हाईक ठरल्यावर नाही. सासूबाईंचं नाशिकचं घर आम्ही गेल्या वर्षी विकलं, चार महिने सामानासकट दाखवत होतो, लोक यायचे, दारातूनच मान आत घालून बघायचे आणि जायचे. सामान काढल्यावर तेच घर पाच आठवड्यांत गेलं, भाव तोच.

पण पूर्ण रिकामं करू नका. रिकाम्या खोलीत माणसाला अंदाज येत नाही की इथे पलंग मावेल का, आणि डोळा सरळ भिंतीवरच्या खिळ्यांच्या भोकांवर जातो. हॉलमध्ये एक दिवाण आणि दोन खुर्च्या, एका बेडरूममध्ये पलंग त्याच्यावर साधी धुतलेली चादर, स्वयंपाकघरात ओटा पूर्ण मोकळा, गॅस नुसता पुसून ठेवलेला. बास. तीनपैकी दोन कपाटं हलवा, आणि जे राहील ते आतून रिकामं ठेवा कारण लोक उघडून बघतात. भिंतीतली कपाटं तर नक्कीच उघडतात. माळा रिकामा करून झाडून घ्या आणि त्याचं दार उघडंच ठेवा, पुण्यातल्या माणसाला मोठा माळा दिसला की त्याचं निम्मं मन तिथेच होतं.

वासाचं सांगते. बंद घरात नहाणी ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, ते पाणीच गटाराचा वास अडवून धरत असतं, ते सुकलं की वास आणि झुरळं दोन्ही थेट घरात. दर चार दिवसांनी कुणाला तरी पाठवून प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं. कमोडला फ्लश करायचं. आम्ही शेजारच्या काकूंना किल्ली दिली होती, त्या बिचाऱ्या दूध आणायला जाताना करायच्या. डांबरगोळ्या सगळ्या गोळा करून फेका आणि दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवा. एअर फ्रेशनर मारू नका, काहीतरी झाकताय असंच वाटतं. दाखवायच्या दिवशी सकाळी फरशी पुसून एक उदबत्ती पुरे.

उजेड. जाड पडदे काढा, खिडक्यांच्या काचा आणि डासांच्या जाळ्या पाण्यानं धुवा, नुसत्या धुतलेल्या जाळीनं खोली किती उजळते ते करून बघा. बाल्कनीतल्या वेलीनं ग्रिल भरलं असेल तर कापा. दिवे सगळ्या घरात एकाच रंगाचे लावा, हॉलमध्ये पांढरी ट्यूब आणि आत पिवळा बल्ब असं नको. तुमच्या घरात ऊन कधी येतं ते तुम्हालाच माहीत, त्याच वेळेला लोकांना बोलवा, एजंटच्या सोयीनं संध्याकाळी साडेसातला नाही. आणि पितृपक्षात फारसं कुणी येणार नाही, तो वेळ आवराआवरीला वापरा, नवरात्रापासून फोन सुरू होतात.

जिना आणि पार्किंग विसरू नका. दारासमोरची चपलांची रॅक, जुन्या कुंड्या काढा. पार्किंगमध्ये एखादी धूळ खात पडलेली गाडी असेल तर हलवा, जागा मोकळी दिसली पाहिजे.

पितळेची भांडी भंगारवाल्याला देऊ नका, तो वजनात आणि भावात दोन्हीकडे मारतो. तांबट आळीत जाऊन मोडीचा भाव विचारा. त्याआधी आईंना एकदा बसून निवडू द्या, तिथे नेणं शक्य नसेल तर इकडे आणा आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडा. आमच्याकडे आम्ही घाईनं परस्पर दिलं, आणि सासूबाई अजून त्या एका घंगाळाबद्दल विचारतात. फार वाईट वाटतं.


कागदी_घोडे:

घर छान दाखवाल, गिऱ्हाईक हो म्हणेल, आणि मग कागद मागेल, तिथे व्यवहार लटकतात, म्हणून हे काम रंगाच्या आधी सुरू करा.

फ्लॅट कुणाच्या नावावर होता? बाबांचं नाव असेल तर नॉमिनी म्हणून आईंचं नाव सोसायटीत लागलं एवढ्यानं त्या एकट्या मालक होत नाहीत, नॉमिनी विश्वस्तासारखा असतो. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि भाऊ तिघं वारस. तुम्ही दोघांनी आईंच्या नावानं नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलंत तर विकताना सही एकाचीच. भाऊ येऊ शकत नसेल तर त्यानं तिकडच्या भारतीय वकिलातीत पॉवर ऑफ अॅटर्नी करून पाठवायची, ती भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक भरावा लागतो, ही मुदत बरेच जण चुकवतात. भाऊ विकणाऱ्यांत राहिला तर अनिवासी म्हणून त्याच्या वाट्यावर टीडीएसचा (घेणारा पैसे देतानाच कापून सरकारला भरतो तो कर) नियम वेगळा आणि जास्त कडक, निवासी विकणाऱ्याला ५० लाख आणि वरच्या व्यवहारात १ टक्का कापतात तसं नाही. पण कराच्या भीतीनं हक्क सोडायला लावू नका, भाऊबहिणींत जे ठरलंय तेच कागदावर यावं. वकील आणि सीए दोघांना एकदाच समोरासमोर बसवा.

करासाठी आणखी एक, घर २००१ च्या आधीचं आहे म्हणून नफा काढताना खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, तिचा नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून रिपोर्ट घेऊन ठेवा. रंगरंगोटीचा खर्च नफ्यातून साधारणपणे वजा होत नाही, एजंटची दलाली होते, तिची पावती मागा.

सोसायटीची थकबाकी, महापालिकेचा टॅक्स, लाइट बिल, सगळं भरून पावत्या एका फाइलमध्ये लावा. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर सोसायटी घेऊ शकत नाही, डेव्हलपमेंट फंड वगैरे नावानं जास्त मागितले तर नम्रपणे नियम दाखवा. आणि किंमत ठरवताना लक्षात असू द्या, समोरचा तुमच्या आकड्यावर पुण्यातली ७ टक्के स्टँप ड्युटी (बाई घेत असेल तर ६) आणि ३० हजार नोंदणी मनात धरूनच बोलत असतो.


जास्वंद:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आईला पूर्ण वाचून दाखवलं काल. सईची आई, तुमचा अनुभव वाचून नवराही गप्प झाला, कपाट सरकवण्याचा विषय संपला.

सेक्रेटरींशी बोलले. रीडेव्हलपमेंटचा विषय एकदा मीटिंगमध्ये निघाला होता पण कन्व्हेयन्सच अजून झालेलं नाही, म्हणजे लगेच काही नाही. म्हणजे राहायला येणाऱ्यासाठीच घर तयार करायचं.

चुनापुट्टी दादा, तुम्ही सांगितलं तसं कॉक बंद केला. आज अठरावा दिवस. भिंत वरच्या बाजूनं जवळजवळ वीतभर पांढरी होत खाली आलीय, पेन्सिलनं खुणा करून ठेवल्यात तारखांसकट. प्लंबरनं शॉवरच्या खालची एक टाइल काढली तर आत पाइपच्या सांध्याला बोटभर गंज, हात लावला तर पापुद्रे सुटले. नंतर पाणी तुंबवून पण बघितलं, पातळी जागच्या जागी राहिली, म्हणजे फरशी ठीक आहे. त्या बाथरूमची सगळी लाइन बदलायचं ठरवलं. किचन, फॉल्स सीलिंग सगळं रद्द. पाइप, प्लास्टर, ग्राउट, रंग आणि बारीकसारीक मिळून दीड लाखाच्या आत बसेल असं दिसतंय.

माळ्यावरचं सगळं टेम्पोनं बाणेरला आणलं आणि अंगणवेल, तुमचं ऐकून हॉलमध्ये सतरंजीवर मांडलं. आईनं तीन तास घेतले. एक पातेलं, सोऱ्या आणि बाबांचा पाण्याचा तांब्या ठेवला, बाकीचं स्वतःच बाजूला सारत गेली, मला वाटलं होतं रडेल, पण ती प्रत्येक भांडं कुणी कधी दिलं ते सांगत होती आणि माझी मुलगी वहीत लिहून घेत होती.

एकच गोष्ट अडलीय. स्वयंपाकघराच्या दारामागे भिंतीवर आईनं पेन्सिलनं लिहिलेला दुधाचा हिशेब आहे, वर्षानुवर्षांचा, म्हशीचं दीड, गायीचं अर्धा, पाहुणे आले तेव्हाचं अडीच, खाडे, खाली बाबांची बरोबरची खूण. रंगारी परवा विचारत होता, हे घासू का. मी म्हटलं थांबा.


चुनापुट्टी:

घासू देऊ नका अजून. दिवसा खिडकी उघडून, तिरक्या उजेडात फोटो काढा, पेन्सिल तशीच नीट उठते, फ्लॅश मारलात तर पुसट येईल. तुकड्या तुकड्यानं जवळून काढा, मग जोडता येतात. ती भिंत सगळ्यात शेवटी करायला सांगा रंगाऱ्याला, त्याला काही फरक पडत नाही.

आणि भिंत वीतभर सुकली म्हणजे पाइपच होता. आता उघडी ठेवून अजून सुकू द्या, पंखा लावा समोर.


जास्वंद:

रविवारी आईला खुर्चीवर बसवून दोघा पुतण्यांनी उचलून वर नेलं. फोटो तिच्यासमोरच काढले. बराच वेळ वाचत बसली आणि म्हणाली, ऑगस्टमधले दोन खाडे दूधवाल्यानं कापलेच नव्हते.

दादा, एक शेवटचं, एपॉक्सी ग्राउट पांढरं घेऊ की राखाडी?


चुनापुट्टी:

राखाडी घ्या. तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल तर पांढरं लवकर पिवळं दिसायला लागतं. आणि भरल्यावर एक दिवस पूर्ण बाथरूम वापरू देऊ नका कुणाला, रंगाऱ्यालाही नाही.